मोसमी व्हिसावर ट्रक चालवायला जाण्याआधी

परदेशात ट्रक चालवायला निघालेल्या ड्रायव्हरला सगळे विचारतात, पगार किती? मी विचारतो, व्हिसा किती महिन्यांचा? दोन वर्षांच्या करारावर गेलेल्याचे पैसे अडले तर तो तिथे राहून भांडू तरी शकतो. तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्याची तक्रार नोंदवून होते तोवर परतीचं तिकीट आलेलं असतं, आणि हे मालकाला चांगलं ठाऊक असतं. म्हणून मोसमी कामात जे काही पक्कं करायचं ते मुंबईत, पासपोर्ट आपल्या खिशात असतानाच करून घ्यायचं. मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचा लेख म्हणजे ते कसं करायचं याचा तपशील.

मी मुलुंडचा, चेकनाक्याच्या बाजूचा. न्हावाशेवा ते भिवंडी कंटेनर ओढण्यात उमेदीची वर्षं गेली. जकात होती तेव्हा नाक्यावर रात्र रात्र रांगेत काढली आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. रांग संपली, पण पगारी ड्रायव्हरच्या हातात पडणाऱ्या पैशांत काही फरक पडला नाही. 2023 मध्ये कळलं की सौदीला हजच्या मोसमासाठी हेवी ड्रायव्हर घेतायत. तीन महिन्यांचं काम, राहणं-खाणं त्यांचं, पगार इथल्या तिप्पट. नवी मुंबईतल्या एका मैदानात ट्रायल झाली. चाळीस फुटी ट्रेला दोन ड्रमांच्या मधून रिव्हर्स घालायचा, बस्स. आपल्याला त्यात काय अवघड?

तिथलं काम खरोखर होतं, हे आधी सांगतो. हजला त्या वर्षी 18 लाखांवर माणूस आला. एवढ्या लोकांचं पाणी, बर्फ, फ्रोझन कोंबडी, गाद्या, सगळं आधीच्या दोन महिन्यांत मक्केच्या आसपास जमा करायचं असतं. ते करायला जादा ड्रायव्हर लागतात आणि हज आटोपला की नको होतात. आम्ही जेद्दा बंदरातून रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर उचलायचो. मक्केच्या हद्दीत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही, त्यामुळे शुमैसीच्या चौकीअलीकडच्या यार्डात मी माझा घोडा, म्हणजे ट्रेला ओढणारं पुढचं इंजिन, सोडवायचो आणि मालेगावचा एक ड्रायव्हर आपला घोडा लावून ट्रेला पुढे न्यायचा. तो आला नाही तर थांबायचं. रीफरचं मशीन चालू, बाहेर पारा पंचेचाळिशीच्या वर, आणि डिझेलचा काटा खाली गेला की माल खराब होईल म्हणून धाकधूक. अशा थांबण्यात अख्खी रात्र जायची.

या थांबण्याचे पैसे नव्हते, आणि सगळी मेख तिथेच होती. मुंबईत सही केलेल्या इंग्रजी करारात महिन्याचा पगार आणि ओव्हरटाइम लिहिला होता. जेद्दाला उतरल्यावर यार्डातल्या पोर्टा केबिनमध्ये अरबी कागद पुढे आला, त्यात ट्रिपचा हिशेब होता. मुंबईचा कागद दाखवला तर मुकादम म्हणाला, "तो तुमच्या एजंटचा कागद. इथे हा चालतो." पासपोर्ट तोवर ऑफिसच्या कपाटात गेला होता. आमच्यासोबत आलेल्या सगळ्यांनी सही केली, मीही केली.

पगाराची गोष्ट तर त्याहून सरळ. सौदीत कंपन्यांनी पगार बँकेतून द्यावा असा नियम आहे, त्यामुळे कोणाला किती मिळाले याची नोंद सरकारकडे राहते. पण खातं उघडायला इकामा, म्हणजे तिथला रहिवासी परवाना लागायचा, आणि आमच्या तात्पुरत्या व्हिसावर इकामा नव्हता. म्हणजे पैसे रोख. वहीत सही करायची, पावती नाही. घरी पाठवायचे तर इकामावाल्या कुणाच्या तरी नावावर पाठवायचे. शेवटच्या महिन्याचा हिशेब "मुंबईत एजंटकडे मिळेल" म्हणून सांगितला. मुंबईत एजंट म्हणाला, कंपनीकडून आलेच नाहीत. त्यातले काही फेऱ्या मारून मिळाले. बाकीच्या पैशांसाठी माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता.

तेव्हापासून मुलुंडच्या पाचरस्त्याला, चेकनाक्याला कुणी ना कुणी विचारायला येतं. त्यांना जे सांगतो ते क्रमाने लिहितो.

एजंट कोण?

1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. कुणाची नोंदणी चालू, कुणाची मुदत संपलेली, कुणाची निलंबित, सगळं तिथे दिसतं. आपल्याला भेटणारा बहुधा त्या एजंटचा "माणूस" असतो. त्याला पैसे द्यायचे नाहीत, पासपोर्ट तर मुळीच नाही. मूळ ऑफिसात जायचं आणि नोंदणीचा नंबर पोर्टलवर जुळवायचा. एजंटला घेता येणारी फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे. ती बँकेतून द्यावी आणि पावती घ्यावी. लाख-दीड लाख रोख मागणारा माणूस पहिल्याच दिवशी आपलं चरित्र सांगत असतो.

शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात जा. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं मुंबईचं कार्यालय तिथेच आहे. मुलुंडहून कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. अर्धा दिवस जातो, पण भाडं बुडालं तरी ही फेरी करा.

दहावी पास ड्रायव्हरांनी आणखी एक गोष्ट समजून घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असं छापलेलं असतं. त्यांना सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिरात अशा 18 देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते, आणि ती देताना करार तपासला जातो. दहावी झालेल्याला ही अट नाही. आपण ती सवलत समजतो, पण खरं म्हणजे आपला करार कुणीच वाचलेला नसतो. मी असाच गेलो. दहावी पास असलात तरी ई-मायग्रेटवर आपणहून नोंद करता येते, ती करा. प्रवासी भारतीय बीमा योजनाही बघून घ्या. दोन वर्षांना 275 रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचं संरक्षण.

व्हिसावर काय लिहिलंय?

व्हिसाचा कागद हातात आला की पहिल्यांदा हुद्दा बघा. अरबी येत नसेल तर वाचणारा माणूस शोधा. मुंबईत अशा माणसांची वाण नाही. "सायक शाहिना" म्हणजे ट्रक ड्रायव्हर. "सायक खास" म्हणजे घरचा ड्रायव्हर. हा फरक नुसता नावाचा नाही: सौदीत घरकामगार नेहमीच्या कामगार कायद्याच्या बाहेर असतात, त्यांचे नियम निराळे. "आमिल" म्हणजे मजूर. मजुराच्या व्हिसावर ट्रेला चालवताना पकडले गेलात तर तो गुन्हा तुमच्या नावावर.

"आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ" असं म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि बेकायदा माणसाची तक्रार कोण ऐकणार?

व्हिसा एका देशाचा आणि गाडी दुसऱ्या देशात, हा प्रकारही घडलेला आहे. जुलै 2004 मध्ये कुवेतच्या कंपनीत कामाला असलेल्या तीन भारतीय ट्रक ड्रायव्हरांना इराकमध्ये अतिरेक्यांनी ओलीस धरलं होतं. ते सुटले तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. म्हणून करारात रूट लिहून मागा. कुठून कुठे, सरहद्द ओलांडायची की नाही, हे ठरलेलं असलं पाहिजे.

करारात आणखी चार गोष्टी हव्यात: पगार महिन्याचा की ट्रिपचा, वेटिंगचे पैसे किती, तिथलं लायसन काढावं लागलं तर खर्च कुणाचा, आणि शेवटचा हिशेब विमानात बसण्याआधी, तिथेच मिळेल. ही चौथी ओळ मोसमी व्हिसावर सगळ्यात महत्त्वाची. एजंट म्हणेल, असं कुणी लिहून देत नाही. मग जाऊ नका.

अपघात झाला तर?

इथे ठोकर लागली की मालक येतो, पोलीस ठाण्यात बसतो, जामीन होतो. तिथे मालक येईलच असं नाही. सौदीत अपघातात कुणी दगावलं आणि चूक ड्रायव्हरची ठरली तर दिया म्हणजे मृत्यूची भरपाई द्यावी लागते. 2011 पासून मुस्लिम पुरुषासाठी ती 3 लाख रियाल आहे. गाडीचा विमा असेल तर विमा कंपनी भरते. नसेल तर ते ओझं ड्रायव्हरच्या डोक्यावर येतं आणि पैसे भरेपर्यंत तुरुंगाची पाळी येऊ शकते.

म्हणून चावी हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. विमा चालू आहे का, आणि त्या गाडीवर आपल्या नावाची तफवीद म्हणजे चालवण्याची परवानगी नोंदवली आहे का. तफवीद दुसऱ्याच्या नावाची आणि स्टेअरिंगवर आपण, हे एक दिवससुद्धा चालवून घ्यायचं नाही. मला एकदा रात्री दुसऱ्याच्या नावाची गाडी काढायला सांगितली होती. मी तब्येतीचं कारण सांगून पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी शिव्या खाल्ल्या, पण गाडी नाही काढली.

निघण्याआधी आपलं इथलं लायसनही बघा. ट्रान्सपोर्ट लायसनची मुदत आता 5 वर्षांची आहे आणि संपण्याच्या वर्षभर आधी नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. आपलं आरटीओ वडाळ्याला, तिथे एक सकाळ घालवा. परत आल्यावर लायसनही गेलेलं आणि पैसेही अडकलेले, असं नको.

युरोपचं काय?

हल्ली पोरं जर्मनी, पोलंड, ब्रिटनचं विचारतात. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनने 5,000 लॉरी ड्रायव्हरांसाठी तात्पुरता व्हिसा काढला. आधी 24 डिसेंबरपर्यंत, मग फेब्रुवारी 2022 अखेरपर्यंत. त्याला फारसं कुणी फिरकलं नाही. थोड्या महिन्यांसाठी घरदार सोडून कोण जाईल? शिवाय आपल्या भारतीय लायसनवर तिथे छोटी गाडी वर्षभर चालते, ट्रक चालत नाही.

जर्मनीचं प्रकरण वेगळं आहे, ते मोसमी नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात ड्रायव्हरही आहेत. पण जर्मन भाषा शिकावी लागते, आणि आपलं लायसन तिथे राहायला गेल्यापासून सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा.

युरोपात कायदा ड्रायव्हरच्या बाजूचा आहे. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायचं, दिवसाला 9 तास, आठवड्यातून दोनदाच 10. तरीही 2023 मध्ये जर्मनीत ग्रेफेनहाउझेनच्या हायवे थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान वगैरे देशांतल्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आठवडेच्या आठवडे ट्रक उभे केले. त्यांच्या पाठीशी तिथल्या कामगार संघटना होत्या, म्हणून पैसे निघाले. हे वाचून कुणी आखातात गाडी आडवी लावायला जाऊ नका. सौदीत संपाला बंदी आहे.

अडकलात तर

पासपोर्ट, व्हिसा, करार, तिकीट, सगळ्यांचे फोटो निघायच्या आधी घरी पाठवून ठेवा. तिथे रोजच्या चलनाचा फोटो काढा, तारीख-वेळेसकट, थांबलेले तास त्यावर लिहून. माझ्याकडे हे असतं तर बुडालेल्या पैशांसाठी बोलायला तोंड राहिलं असतं. पैसे रोख मिळाले तर वहीच्या पानाचा फोटो काढा. "कशाला?" म्हणून विचारलं तर बायकोला दाखवायला म्हणा.

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. तो मालकाने ठेवून घेणं सौदीच्या नियमांतही बसत नाही. वाद झाला तरी काम सोडून पळू नका. मालकाने "हुरूब", म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की आपण फिर्यादीचे आरोपी होतो. आधी भारतीय दूतावासाला कळवा. जेद्दाला आपला वाणिज्य दूतावास आहे. मदद या सरकारी पोर्टलवर घरच्यांनाही इथून तक्रार नोंदवता येते आणि 1800 11 3090 हा मोफत नंबर आहे. कामगार खात्यात आधी समेट आणि मग न्यायालय अशी पायरी असते. मोसमी व्हिसावाल्याने पहिला महिना चुकला की लगेच हलायला हवं. तिसऱ्या महिन्याची वाट पाहिली की संपलं.

या सगळ्याचा अर्थ जाऊच नका असा नाही. मालेगावचा तो ड्रायव्हर इकामावर होता, पगार खात्यात यायचा, आणि दोन वर्षांत त्याने बहिणीचं लग्न उरकलं. रस्ता तोच होता आणि ट्रेलाही तोच. फरक त्याच्या कागदात होता.

एजंटचं शेवटचं हत्यार घाई असतं. "परवाची फ्लाइट आहे, एकच जागा उरली आहे." तेव्हा एवढं लक्षात ठेवा की हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, पण कधी चुकत नाही. यंदा कराराची प्रत हातात मिळाली नाही तर यंदा न्हावाशेव्यालाच गाडी लावा. मोसम पुढच्या वर्षीही आहे.