पाण्याखाली तग धरणारं भात

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. अर्जातल्या ‘संशोधनाचा प्रभाव’ या रकान्यात एच-इंडेक्स आणि इम्पॅक्ट फॅक्टर यांखेरीज काय लिहू, असं विचारलंयस. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुझा नव्हे. तो आधी खोडून टाक. एच-इंडेक्स राहू दे, मागतात म्हणून. पण तेवढ्यालाच प्रभाव समजू नकोस. तू भातावरच काम करतेस, तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पॅमेला रोनाल्ड यांच्या कामाचा माग मुळापासून शेतापर्यंत काढ, असं मी सांगेन.

त्यातलं सब-वन-ए हे जनुक तुला पाठच असेल. तरी ते शेताच्या बाजूने एकदा बघ. भात पाण्यातच वाढतं, मग त्याला पुराचं काय भय, असं पुष्कळांना वाटतं. पण रोप शेंड्यापर्यंत बुडालं की पाण्यात वायूंची ये-जा मंदावते आणि इथिलीन आतच साठून राहतं. साधं भात त्या इशाऱ्यावर पाण्याबाहेर यायला भराभर उंच होतं आणि त्यात जवळची साखर संपवून बसतं. पाणी ओसरल्यावर अशी रोपं बघ: पानांवर गाळाचं पूट, खोड लुळं, हाताने उभं केलं तरी पुन्हा आडवं. सब-वन-ए असलेलं रोप मात्र उंची वाढवणाऱ्या जिबरेलिन या संप्रेरकाला दाद देत नाही. ते वाढ थांबवतं, साठा जपतं आणि पाणी उतरलं की नवं पान काढतं.

हा गुण आला ओडिशातल्या एफआर १३ए या जुन्या देशी वाणातून. तो पुरात टिके, पण उत्पन्नात मागे. डेव्हिड मॅकिल आणि केनोंग शू यांनी १९९६ मध्ये हा गुण नवव्या गुणसूत्रावर कुठे आहे ते दाखवलं. तिथून नेमकं जनुक हाती लागायला दहा वर्षं गेली. रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेस यांच्या प्रयोगशाळा त्यात होत्या, आणि २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये तो शोधनिबंध आला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या पैदासकारांनी मार्करच्या मदतीने गुणसूत्राचा तो तुकडा आपल्या ‘स्वर्णा’ या वाणात आणला. पिढीमागून पिढी पानाच्या तुकड्यातला डीएनए तपासायचा, हवी ती रोपं ठेवायची, बाकीची काढून टाकायची, असं ते काम. २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात प्रसारित झालं. बाकी सगळी स्वर्णाच, म्हणून शेतकऱ्याला लागवडीची रीत बदलावी लागली नाही.

यात रोनाल्ड यांचा वाटा मधल्या दुव्याचा. वाण त्यांनी शोधला नाही, बियाणंही त्यांनी तयार केलं नाही. मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं: पुढच्या माणसाला वापरता येईल इतकं पक्कं काम करून त्यांनी ते त्याच्या हाती दिलं.

पुढे काही अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशाच्या गावांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून हे बियाणं वाटलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. शेत दहा दिवस बुडालं तर स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त भात, आणि पूर आला नाही तरी तोटा नाही. त्याहून मोलाचं मला हे वाटतं, की पुरात सापडणाऱ्या सखल जमिनी तिथे अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे जास्त आहेत, म्हणजे फायदा जास्त त्यांच्या पदरात पडतो. पुढच्या अभ्यासात दिसलं, की धास्ती कमी झाल्यावर शेतकरी खतावर जास्त खर्च करतात, जास्त जमीन लागवडीखाली आणतात. यातलं काहीही एच-इंडेक्समध्ये मोजलं जात नाही. मर्यादाही ध्यानात ठेव: साधारण दोन आठवड्यांपुढे पाणी राहिलं तर हेही भात जातं.

आणखी एक गोष्ट रोनाल्ड यांच्याच प्रयोगशाळेतली. कडा करपा या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाला रोखणारं एक्सए-२१ हे जनुक त्यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळं केलं; ते मूळचं आफ्रिकेतल्या मालीच्या रानभाताचं. ते जनुक जिवाणूचा कोणता रेणू ओळखतं, याचा शोधनिबंध २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. मागाहून प्रयोगशाळेत आलेल्यांना तोच निकाल मिळेना. तपासल्यावर कळलं, की जिवाणूंच्या काही साठ्यांवरची नावंच चुकलेली होती. २०१३ मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला, का घेतला ते उघडपणे सांगितलं, काम पुन्हा केलं आणि २०१५ मध्ये खरा रेणू मांडला. तेव्हा फ्रीजरमधल्या प्रत्येक नळीवर नाव, तारीख, मूळ कुठलं ते लिही, आणि महत्त्वाचा निकाल दुसऱ्याच्या हातून पुन्हा करवून घेतल्याशिवाय छापायला पाठवू नकोस. गाईड घाई करतील. तरीही.

आता तुझं काम. तू खारेपणा सोसणाऱ्या भातावर आहेस आणि आपल्याकडे रायगडात खारेपाट पसरलाय. खारबंदिस्ती फुटली की उधाणाचं पाणी खाचरात शिरतं. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, कर्जतला भाताचं. सॉल्टॉल हा केरळच्या पोक्काली भातातून आलेला गुणसूत्राचा भाग मुख्यतः रोपावस्थेत कामी येतो. तुझं जनुक कोणत्या अवस्थेत कामी येतं? खारेपाटात मीठ नेमकं कधी चढतं, लावणीच्या वेळी की फुलोऱ्यात? हे पैदासकाराला विचार. मग एका पानावर लिही: कोणता वाण, कोणता मार्कर, किती क्षारतेला, कोणत्या अवस्थेत चाचणी केली, काय अजून तपासायचं राहिलंय. ते पान पैदासकाराला द्यायचं, अर्जाला जोडायचं आणि रकान्यातही त्यातलंच लिहायचं.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा पनवेलला जाऊ. कापणी तेव्हा चालू असेल, खाचरात उतरून बघता येईल. कोणत्या दिवशी जमेल ते कळव.

तुझी
आत्या