रोलचा फोटो की डिजिटल? दर्जा कशावर ठरतो?

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा शहाद्याच्या फोटो स्टुडिओंचा धंदा रोलवर चाले. आज तो डिजिटल कॅमेऱ्यावर चालतो. तरीही लग्नाचा जुना अल्बम घेऊन आलेले गिऱ्हाईक म्हणते, "रोलच्या फोटोची सर याला नाही." हे कितपत खरे, ते स्टुडिओचालकांनी तपासून घ्यावे. कारण कॅमेरा आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. स्टुडिओपाशी विकण्यासारखा माल उरला आहे तो दर्जाचाच.

बारकावे

३५ मि.मी. रोलची एक फ्रेम २४ × ३६ मि.मी. असते. तिच्यातील चित्र रंगाच्या वेड्यावाकड्या सूक्ष्म कणांचे बनते. डिजिटल चित्र सारख्या मापाच्या ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे असते. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ मध्ये कोडॅकचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात अवघे दहा हजार ठिपके होते. आज २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा लहान गावातही दिसतो.

उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने ४ × ६ इंची फोटोला सुमारे २२ लाख आणि १२ × १८ इंची फोटोला सुमारे १ कोटी ९४ लाख ठिपके लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ही गरज सहज भागवतो. रोलचा फोटो एवढा मोठा केला की कण दिसू लागतात. म्हणजे लहान फोटोत दोन्ही सारखे, मोठ्या फोटोत डिजिटल सरस.

मात्र अल्बमच्या १२ × ३६ इंची जोडपानावर एकच फोटो पसरला, तर ६००० ठिपक्यांची रुंदी ३६ इंचांत वाटली जाते आणि इंचाला १६७ ठिपकेच उरतात. त्यातही फोटो आधीच कापलेला असेल, तर चेहरे पुसट येतात. अशा पानासाठी न कापलेली फ्रेमच निवडावी.

उन्हातला पांढरा रंग

शहादा तालुक्यातील सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. भर दुपारी तेथे पांढऱ्या घोड्याचा फोटो काढून पाहावा. रंगीत निगेटिव्हवर उजेड थोडा जास्त पडला तरी पांढऱ्यातील छटा टिकतात. डिजिटल सेन्सरचा ठिपका मात्र एकदा भरला की तेथे कोरा पांढरा डाग उरतो. कोणतेही सॉफ्टवेअर तो भरून काढू शकत नाही. नवरदेवाच्या पांढऱ्या शेरवानीचे आणि वधूच्या जरीचे असेच होते. जुन्या अल्बममधील मऊ उजेडाचे एक कारण हेच. येथे गिऱ्हाइकाचे म्हणणे खरे आहे.

उपाय सोपा आहे. डिजिटलवर पांढऱ्या भागाकडे पाहून उजेड थोडा कमीच घ्यावा आणि फाइल 'रॉ' स्वरूपात ठेवावी. काळोखी भाग नंतर उजळता येतो.

रात्रीचा मांडव

येथे पारडे फिरते. कमी उजेड मिळालेली निगेटिव्ह मळकट आणि दाणेदार येते. ४०० किंवा ८०० आयएसओच्या रोलला रात्री फ्लॅशशिवाय गत्यंतर नसे. आजचा चांगला कॅमेरा ३२०० आयएसओवरही वापरण्याजोगा फोटो देतो. त्यामुळे दिव्यांच्या उजेडाचा मूळ रंगही टिकवता येतो.

जतन

निगेटिव्ह ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू खराब होते. हार्ड डिस्क एका क्षणात बंद पडते आणि सारे लग्न घेऊन जाते. म्हणून प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात. गिऱ्हाइकाला फोनवर फोटो पाठवताना तो साध्या पद्धतीने न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नाहीतर तो आकसतो आणि दोष स्टुडिओच्या माथी येतो.

जुन्या निगेटिव्ह असतील तर त्या टाकू नयेत. इंचाला ४००० ठिपके घेऊन स्कॅन केल्यास एका फ्रेमची सुमारे २१ मेगापिक्सेलची फाइल होते. आईवडिलांच्या लग्नाचा फोटो भिंतीवर लावू इच्छिणारे गिऱ्हाईक आजही आहे, आणि ते काम फोनवर होत नाही.