देवाला चालतं ते पोटाला चालतंच असं नाही

श्रावणातल्या एका दुपारी माझ्या नातीने अंगणातल्या बिट्ट्या दगडाने फोडल्या आणि आतला गर चाखून पाहिला. सोबतच्या मुलीने सांगितलं म्हणून घरात कळलं. तोवर नातीला उलट्या सुरू झाल्या होत्या. कुणी म्हणालं मिठाचं पाणी द्या, कुणी म्हणालं तूप पाजा. माझ्या मुलाने काहीही न पाजता, झाडाची डहाळी नि फुटलेली बिट्टी पिशवीत घालून तिला तडक बुऱ्हाणपूरला नेलं. डहाळी पाहताच डॉक्टरांनी झाड ओळखलं. नाडी मंद झाली होती. ईसीजी काढला, औषधं दिली, हृदयाच्या ठोक्यांवर रात्रभर लक्ष ठेवलं. पोर वाचली.

आमच्या शाहपुरात हे झाड पुष्कळ अंगणांत आहे, म्हणून हे लिहिते.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, पण इथे पुरती रुळलेली. तापीखोऱ्यातल्या उन्हाळ्यात कमी पाण्यावर तग धरते, बारा महिने फुलते, शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला लावतात. गुरं तोंड लावत नाहीत याचं कारण तिच्या कडू, विषारी चिकात आहे. लाल-पांढरी कण्हेरही तशीच. दोन्हींतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. पान, फूल, साल, मूळ, सगळंच विषारी. पिवळ्या कण्हेरीची बी तर फारच. एका बीचा गरसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

मग ती देवाला कशी चालते? शंकराला आपण कण्हेर, धोतरा, रुई वाहतो. हलाहल कंठात धरणारा तो देव. जे माणसाला पचणार नाही ते त्याच्या पायी ठेवायचं, असा मला त्याचा अर्थ वाटतो. गणपतीच्या एकवीस पत्रींतही धोतरा, रुई, कण्हेर आहेत. माझ्या सासूबाई कण्हेर तोडून आलेल्या बाईला हात धुतल्याशिवाय चुलीपाशी जाऊ देत नसत. आम्ही ते सोवळं समजलो. पुढे सोवळं सुटलं, त्याबरोबर हात धुणंही सुटलं. आता मुलं तीच फुलं तोडतात नि त्याच हातांनी प्रसाद खातात.

केरळात 2024 मध्ये एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेरीचा संशय आला, तेव्हा त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य आणि प्रसादात ही फुलं वापरणं बंद केलं. आपणही घरात एवढं सहज पाळू शकतो. कण्हेर पिंडीवर वाहा, नैवेद्याच्या ताटात ठेवू नका, तीर्थात टाकू नका. नैवेद्यासाठी केळीचं पान आपल्या दारात आहेच. सत्यनारायणाच्या चौरंगाला खांब केळीचे नि नैवेद्यही तिच्याच पानावर, असं मान आणि उपयोग दोन्ही निर्धास्तपणे देणारं झाड आमच्या गावाला शेतोशेती लाभलं आहे.

छाटलेली कण्हेर आणि पत्रीचं निर्माल्य शेळ्यांच्या वाटेवर टाकू नका. वाळलेल्या पानांतलं विष जात नाही, आणि सुकलेला पाला जनावर भुकेपोटी खाऊन जातं. तिची लाकडं चुलीत घालू नका, धूरही बाधतो. मारुतीसाठी रुईची पानं तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. सुरुवातीला दुखत नाही, पण दृष्टी धूसर होते. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा नि डॉक्टरांना दाखवा.

लहान मुलांच्या घरी जास्वंद, मोगरा, पारिजातक लावा. जास्वंद गणपतीला प्रिय, मोगरा गजऱ्याला आणि माठातल्या पाण्याला, पारिजातकाची तर जमिनीवर पडलेली फुलंही पूजेला चालतात. जुनी कण्हेर तोडवत नसेल तर ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, मागच्या कुंपणाला असू द्या. बिट्ट्या हिरव्या असतानाच काढा आणि खोल पुरा. बिट्ट्यांचे गजगे करून मुलं खेळतात, तो खेळ थांबवा.

कुणी खाल्लंच तर तोंडातला गर काढा, चूळ भरायला लावा. उलटी मुद्दाम काढू नका. झाडाचा तुकडा सोबत घ्या आणि 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक 1800 116 117 आहे; तिथे रात्रंदिवस सल्ला मिळतो. उलटी थांबली, पोर हसू लागलं, म्हणून घरी परतू नका. या विषाचा हृदयावरचा परिणाम उशिराही दिसतो, म्हणून डॉक्टर सोडतील तोवर दवाखान्यातच थांबा.