कोब्यावरील जांभळाचे डाग

आमच्या कोकणातील घरापुढचे खळे माझ्या बालपणी शेणाने सारवलेले असे, आणि त्यावर चिरडलेले जांभूळ काय किंवा केळीचा चीक काय, सारेच पुढल्या सारवणाखाली निमूटपणे नाहीसे होत असल्यामुळे अंगणाला डाग पडतो ही कल्पनाच आमच्या घरी कोणाला नव्हती. पुढे पावसाळ्यातील चिखलाची तसदी चुकावी म्हणून मी खळ्याला सिमेंटचा कोबा करून घेतला. गवंड्याने तो थापीने घोटून असा गुळगुळीत केला की, येणाराजाणारा मुद्दाम थांबून पाहत असे. त्याच्या एका कडेला जांभळाचे आणि दुसऱ्या कडेला देशी बदामाचे जुने झाड उभे आहे, ही गोष्ट मात्र ना गवंड्याच्या ध्यानात आली, ना माझ्या.

जून लागताच जांभळे गळू लागली. पायाखाली फुटलेल्या फळाचा गडद जांभळा रस सायंकाळपर्यंत कोब्यात मुरे आणि दुसऱ्या दिवशी त्याला निळसर, शिसवी छटा येई. बदामाची लाल होऊन गळलेली पाने पावसात भिजून दोन-दोन दिवस जागच्या जागी चिकटून राहत. ती उचलली म्हणजे खाली पानाचा हुबेहूब काळा ठसा दिसे, इतका रेखीव की त्यातील शिरादेखील मोजता याव्यात. साबण आणि खराटा यांनी काही साधेना, तेव्हा बाजारातून शौचालय धुण्याचे तेजाब आणून, कोरड्या कोब्यावर, कोणाचाही सल्ला न घेता, मी ते सरळ ओतले.

फसफसून फेस आला, आणि निळसर डाग डोळ्यांदेखत गुलाबी झाला. तो रंगबदल हीच गुणाची खूण समजून, उरलेला रंगही निघावा या हेतूने, त्या ओल्या तेजाबावरच मी विहिरीसाठी आणून ठेवलेली ब्लीचिंग पावडर मूठभर टाकली. क्षणार्धात पिवळसर हिरवा, उग्र वायू उठला, छाती आवळल्यासारखी झाली आणि डोळ्यांतून धारा लागल्या. तो क्लोरिन होता. १९१५ साली बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांच्या खंदकांत सोडला गेला तोच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगतच साचतो, आणि मी तर उकिडवा बसलो होतो. सौभाग्यवतीने ओढून वाऱ्याच्या उलट दिशेला मोकळ्यावर नेले, बराच वेळ डोळ्यांवर पाणी मारले आणि लगोलग दवाखाना गाठला, म्हणून पुढचा अनर्थ टळला. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर हे दोन जिन्नस एका जागी, एका बादलीत किंवा एकापाठोपाठ एक न धुतलेल्या जमिनीवर कधीही येऊ देऊ नयेत, ही ताकीद मी प्रत्येक घराला देऊ इच्छितो.

पुढे कळले की, मला गुण वाटला तो गुण नव्हताच. जांभळाचा रंग आम्लात तांबडा आणि क्षारात निळा होतो, आणि सिमेंट हे स्वभावतःच तीव्र क्षारधर्मी असते. तेजाबाने रंगाची केवळ छटा पालटली. फेस आला तो डागाचा नव्हे, तर सिमेंटमधील चुन्याचा अंश विरघळून बाहेर पडलेल्या वायूचा. घोटलेली वरची साय गेली, आत दडलेली वाळू उघडी पडली, आणि ताटाएवढा खरबरीत, सच्छिद्र भाग कायमचा मागे राहिला, जो आता प्रत्येक रस पूर्वीपेक्षा खोलवर शोषून घेतो.

म्हणून डाग कशाचा आहे याची खातरजमा आधी करावी. फळाफुलांचा रंग असेल, तर कोबा प्रथम पाण्याने चिंब भिजवावा, म्हणजे तो औषध आत ओढून घेत नाही. ब्लीचिंग पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी तेवढी डागावर पाव तास ठेवावी, मग नायलॉनच्या ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण कोब्यात अडकून गंजतात आणि जुन्या डागाच्या जागी नवा डाग बसतो. जवळच्या रोपांच्या आळ्यात आधी पाणी भरून ठेवावे, नाहीतर निवळीचा ओघळ मुळांना जाळतो. डाग खोल मुरला असेल, तर संगजिरे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवून त्याचा बोटभर जाड लेप द्यावा आणि तो वाळेपर्यंत हात लावू नये. वाळताना तो रंग वर ओढून घेतो.

पानांच्या काळ्या ठशाची गोष्ट निराळी. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, हे जुन्या लोकांना माहीत आहे; हिरड्यातील तुरट द्रव्य आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगाने ती काळी होते. बदामाच्या पानात तेच तुरट द्रव्य असते आणि राखाडी सिमेंटमध्ये लोहाचा अंश असतो, म्हणजे कोब्यावर उमटते ती वस्तुतः शाईच. निवळीने काळेपणा जाऊन तांबूस खूण मागे राहिली, तर लोह उरले असे समजावे. त्यावर फरशी पॉलिश करणारे वापरतात ते ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरभर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून, हातमोजे घालून लावावे. ते विषारी आहे, तेव्हा मुले व जनावरे दूर ठेवावीत. तेही आम्लच असल्यामुळे आधीची निवळी पूर्ण धुऊन कोबा एक दिवस वाळवल्याखेरीज त्याला हात घालू नये.

आता मे महिन्याच्या अखेरीस मी जांभळाखाली जुनी ताडपत्री अंथरतो. वाडीतील मुले पहाटेच येऊन फळे वेचतात, आणि बदामाची पाने मी पाऊस असला तरी रोज सकाळी काढतो. चारदोन जांभळे डाग राहिलेच, तर चैत्राच्या उन्हात ते आपोआप फिके पडतात. त्या ताटाएवढ्या भागावर मात्र पहिल्या सरींतच शेवाळ धरते, आणि तुळशीला पाणी घालायला जाताना आईचा हात तेथे मला धरावा लागतो.