खरा अशोक

अशोक म्हणून आवारांत जो उंच, सरळसोट वृक्ष सर्वत्र लावला जातो, तो खरा अशोक नव्हे. त्याची फुले हिरवट व नजरेत न भरणारी असतात. रामायणातील अशोकवनाची आठवण देणारा सीताअशोक सह्याद्रीच्या रानांत ओढ्याकाठी, सावलीत वाढतो. त्याची कोवळी पालवी ताम्रवर्णी व लोंबती असते. वसंतात खोडाफांद्यांवर नारिंगी फुलांचे गुच्छ येतात व पुढे लाल होतात.

याच्या सालीपासून अशोकारिष्ट सिद्ध होते. पण भोवतालची सर्व साल सोलली की झाड वाळते. अशाने रानांतील अशोक विरळ होत चालला आहे.

पिकलेल्या शेंगांतील बी ताजे असतानाच पेरावे. ते फार दिवस टिकत नाही. रोपास प्रारंभी सावली व नियमित पाणी द्यावे. देवळाच्या विहिरीजवळ असा एक वृक्ष आपण अवश्य लावावा.