पुड्याची मागची बाजू वाचा

गोवंडीत बहुतेक घरांची सकाळ चहा-पावाने उजाडते. दुपारी पोराला भूक लागली की हातात खारी, टोस्ट, नाहीतर पाच-दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा. एखाद्याला सिलिअ‍ॅक आजार निघाला की घराची खरी अडचण इथेच सुरू होते. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर खराब होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब, फुगलेले पोट, गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया, मुलाची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे.

1944-45 च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना या आजाराची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. डॉ. विलेम डिके यांनी हे टिपले. आजही जन्मभराचे पथ्य हाच उपाय आहे.

म्हणून पुड्याच्या पुढच्या चित्राला भुलू नका, मागची यादी पाहा. जो घटक वजनाने जास्त, तो यादीत आधी असतो. पुढे नाचणीचे कणीस आणि मागे पहिलाच घटक मैदा, असे पुडे दुकानात पुष्कळ दिसतात. ही माहिती बहुधा इंग्रजीत असते, तेव्हा घरातल्या शाळकरी मुलाला हे शब्द शोधायला सांगा: व्हीट म्हणजे गहू, रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदा, सेमोलिना म्हणजे रवा, बार्ली म्हणजे जव. माल्ट बहुधा जवाचेच असते. राय आणि ओट्सही टाळा. यादीखाली 'कन्टेन्स' या शब्दापुढे गहू आहे का, तेही बघा. एगलेस, शुगर-फ्री, मल्टिग्रेन किंवा हिरवा ठिपका यांवरून ग्लूटेनबद्दल काहीच कळत नाही. 'व्हीट-फ्री' लिहिलेल्या मालातही जव असू शकते.

'ग्लूटेन-फ्री' लिहायचे तर एका किलोत 20 मिलीग्रामपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा एफएसएसएआयचा नियम आहे. 'लो ग्लूटेन' ही वेगळी गोष्ट. त्यात 100 मिलीग्रामपर्यंत असू शकते. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला ते देऊ नका.

सुट्या मालाला लेबलच नसते. बेकरीवाला ओळखीचा असेल, खरेही बोलत असेल. पण तांदळाची नानकटाई मैद्याच्याच परातीत मळली आणि त्याच ट्रेमध्ये भाजली, तर तिचा उपयोग नाही. 14 एप्रिलला वस्तीत केक वाटतात, तेव्हा अशा मुलासाठी घरून तांदळाची खीर न्यावी. शेवयांची नको.

ग्लूटेन-फ्री बिस्किटे महाग पडतात आणि आमच्या मते त्यांच्यावाचून काही अडत नाही. भात आहे, ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी आहे. अडचण गिरणीत आहे: आधी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेले पीठ आपल्या ज्वारीत मिसळते. रुग्णापुरते धान्य घरी मिक्सरमध्ये दळलेले बरे. फोडणीतल्या हिंगाची डबीही वाचा, त्यात अनेकदा गव्हाचे पीठ असते.

आणि नुसत्या संशयावरून गहू बंद करू नका. आधी बंद केला तर रक्ताच्या तपासणीत आजार लपू शकतो. टीटीजी नावाची ही तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत रोजचे जेवण चालू ठेवा. सायनसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना विचारा.