दहांतला एक



वसतिगृहात जेवणाची घंटा झाली म्हणजे मुले पंगतीत उभी राहतात, डोळे मिटतात आणि एकजण उपकारस्तुतीची प्रार्थना म्हणतो. प्रार्थना पुरी होण्यापूर्वीच पुष्कळांचे लक्ष वाढलेल्या आमटीकडे गेलेले असते. 'आमेन' हा शब्द तर अनेकांस बसण्याची सूचनाच वाटतो. हे आम्ही कोणास हसण्यासाठी लिहीत नाही. लहानपणी आम्हीही असेच होतो, आणि मोठेपणी ती सवय पुरती सुटली असे म्हणवत नाही. जे रोज मिळते त्याची किंमत रोज थोडी थोडी मनातून उतरत जाते, हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून यंदा ह्या पानांतून कृतज्ञतेचा धडा आपण सर्वांनी मिळून गिरवावा असे आम्हांस वाटले.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. ह्याच्या उलट 'कृतघ्न'. त्यातील 'घ्न' म्हणजे नाश करणारा. केलेल्या उपकाराचा नाश करणारे जगात थोडेच असतील. परंतु तो न जाणणारे, त्याचा विसर पडलेले, असे आपण बहुतेक सारे आहोत. शुभवर्तमानातील एक गोष्ट अशाच विसराळू लोकांची आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात ती सांगितली आहे. प्रभु येशू यरुशलेमेकडे जात असता शोमरोन व गालील ह्यांच्या सीमेजवळील एका गावी त्याला दहा कुष्ठरोगी भेटले. शास्त्रात हा शब्द त्वचेच्या अनेक रोगांस लावलेला दिसतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे अशा रोग्यास वस्तीबाहेर राहावे लागे, आणि तो शुद्ध झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार याजकाचा असे. त्या दहाजणांनी दूर उभे राहून दयेची याचना केली. प्रभूने त्यांस याजकांकडे जाण्यास सांगितले, आणि वाटेने जाता जाताच ते शुद्ध झाले. त्यांपैकी एकच परत फिरला. आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांस परके लेखीत अशांतला.

राहिलेल्या नऊजणांस दुष्ट ठरविण्याची घाई आपण करू नये. ते आज्ञेप्रमाणेच चालले होते. घरी बायकामुले वाट पाहत असतील ह्या विचाराने त्यांची पावले झपाझप पडत असतील. ते मागे फिरले नाहीत म्हणून प्रभूने त्यांचे आरोग्य काढून घेतले, असेही शास्त्र सांगत नाही. त्यांचे नुकसान झाले ते एवढेच की, देणगी हाती आली आणि देणारा मागे राहिला. परत आलेल्यास मात्र देणगीबरोबर देणाराही लाभला.

आता पुढचाच, १८ वा, अध्याय उघडा. तेथे प्रभूच्या दृष्टांतातील एक परुशी मंदिरात प्रार्थनेस उभा आहे, आणि आश्चर्य हे की, त्याच्याही प्रार्थनेचा आरंभ आभारानेच होतो! तो कशाबद्दल आभार मानतो? आपण इतर लोकांसारखे नाही, मागे उभ्या असलेल्या ह्या जकातदारासारखे तर नाहीच नाही, ह्याबद्दल. शोमरोनी मनुष्य आभार मानताना प्रभूच्या पायांशी होता. परुशाने आभार मानले ते शेजाऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहत. आणि प्रभु सांगतो की, नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, परुशी नव्हे. मुलांनो, सर्वच आभार देवाला आवडतात असे समजू नका.

पालकांनीही येथे क्षणभर थांबावे, अशी आमची नम्र विनंती आहे. पानातली भाजी टाकणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, "त्या भिकाऱ्याच्या पोराकडे बघ, त्याला हेही मिळत नाही." आपला हेतू चांगला असतो. परंतु मूल त्यातून पुष्कळदा इतकेच शिकते की, आपण त्याच्याहून वरचे आहोत. दुसऱ्याच्या दुःखावर उभारलेली कृतज्ञता परुशाच्या वाटेने जाते. त्याऐवजी ती भाजी कोणाच्या मळ्यातून आली, पहाटे उठून ती कोणी खुडली, बाजारात कोणी आणली, चुलीपुढे बसून कोणी शिजवली, हे मुलाला विचारावे. पेरणाऱ्याचे हात मोजता मोजता पाऊस पाडणाऱ्याचा हात आपोआप आठवतो. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती रोजची आणि 'आमची', एकट्याची नव्हे. सुगीच्या उपकारस्तुतीस खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्या ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी वेदीपुढे आणून ठेवतात, त्यातील अर्थ हाच.

कोणी म्हणेल, "सुखात आभार मानणे सोपे आहे, ज्याच्या घरी दुःख आहे त्याने काय करावे?" प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर हलकेपणाने देऊ नये. जर्मनीत आयलेनबुर्ग नावाच्या गावी मार्टिन रिंकार्ट (१५८६–१६४९) हे पाळक होते. १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात आश्रयासाठी लोकांची त्या गावात दाटी झाली, आणि १६३७ साली तेथे मरीचा कहर उडाला. रिंकार्ट ह्यांनी चार हजारांहून अधिक माणसांस मूठमाती दिली. त्यांत त्यांची स्वतःची पत्नीही होती. पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा घरात होते ते त्यांनी भुकेल्यांस वाटले. आज जगभर गाइले जाणारे उपकारस्तुतीचे एक प्रसिद्ध गीत ह्याच गृहस्थांचे आहे, आणि मुळात ते आपल्या घरच्या मंडळींनी जेवणाच्या वेळी म्हणावे म्हणून त्यांनी रचले होते असे सांगतात. अशा माणसाच्या पंगतीतले 'आमेन' केवढे जड असेल!

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. डॉ. पॉल ब्रँड ह्यांचा जन्म १९१४ साली आजच्या तामिळनाडूतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. १९४६ साली ते वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करू लागले. त्या काळी समज असा की, ह्या रोगाने बोटे आपोआप झडतात. ब्रँड ह्यांच्या ध्यानात आले की, रोगाने मज्जातंतू बधिर होतात आणि वेदनाच कळेनाशी होते. मग रोगी विस्तवात हात घालतो, पायात खिळा रुतला तरी चालत राहतो, आणि अशा न कळलेल्या जखमांनी हातपाय झिजतात. 'वेदना ही देवाची देणगी आहे' असे ते पुढे २००३ साली मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. मात्र ह्यावरून रोगाला देणगी म्हणून स्वस्थ बसावे असे त्यांनी कधी मानले नाही. वाकडी बोटे सरळ करण्यात त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, हीसुद्धा उपकार मानण्याजोगीच गोष्ट आहे. काल तुमच्या बोटाला चटका बसला आणि हात झटकन मागे आला, तेव्हा तुमच्या मनात आभाराचा विचार आला होता काय?

मग आपण करावे काय? आपल्या मराठी घरांत आईला 'आभारी आहे' म्हणण्याची चाल नाही. म्हटले तर ती हसेल. आपल्याकडे आईबापांचे पांग फेडतात, म्हणजे उपकार कृतीत उतरवितात. ही चाल चांगलीच आहे. पण 'पुढे फेडू' म्हणता म्हणता पुष्कळांची वेळ निघून जाते. तेव्हा हा धडा आजच सुरू करू. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत रोज एक नवी गोष्ट नाव घेऊन सांगावी: आज पाणी, उद्या डोळे, परवा खिचडी रांधणाऱ्या मावशी. आठवड्यातून एकदा, ज्याच्याकडे आपण कधी वळून पाहिले नाही अशा एका मनुष्याकडे परत जावे आणि दोन शब्द बोलावे. आणि मिळालेल्यातला थोडा वाटा, गाजावाजा न करता, ज्याला नाही त्याच्या हाती द्यावा. तो देताना आपण वरचे आणि तो खालचा असे मनात येऊ देऊ नये, कारण दोघांचीही ओंजळ एकाच दात्यापुढे पसरलेली आहे.

दहाही जण बरे झाले होते. आपणही सारे पुष्कळ मिळालेले लोक आहोत: श्वास, अन्न, शाळा, घर, प्रभूची कृपा. आता वाटेवर एवढेच ठरवावयाचे उरले आहे की, तसेच पुढे जावे की थोडे मागे फिरावे. ह्या वर्षी आमच्या शाळेतून मागे फिरणाऱ्यांची संख्या दहांत एकाहून अधिक व्हावी, हीच आमची प्रभूपाशी प्रार्थना आहे.